गुहेतली विहीर

लवूनाना पेडणेकर वाचायला बसले की पूर्णविराम ऐकू यायचा. वाक्य संपलं की ते थांबत, आवंढा गिळत आणि मग पुढचं वाक्य उचलत. उचलत म्हणजे खरोखरच उचलत, एकेक शब्द चिमटीत धरून समोर मांडल्यासारखा. खोलीतला दगडू त्यांची हुबेहूब नक्कल करायचा, "लवू. माका. चाय. दी. पूर्णविराम." सगळी खोली हसायची. नानाही हसायचे. नक्कल होण्यासाठी माणूस खोलीतला असावा लागतो, हे त्यांना कळत होतं.

खोली लालबागच्या कुबल चाळीतली. एकाच गावची अकरा माणसं, अकरा ट्रंका, अकरा वळकट्या. दहाजण गिरणीत आणि अकरावे नाना गिरगावातल्या एका छापखान्यात, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवायला. गिरणीच्या पाळ्यांमुळे सगळे एकदम खोलीत सापडायचे ते फक्त रविवारी दुपारी. शेजारच्या रखमाबाईच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि भात ओरपून मंडळी भिंतीला टेकायची, आणि नाना छापखान्यातून आणलेले रद्दी फर्मे उलगडायचे. पुस्तकाची सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात. त्यातला जो कागद वाकडा जातो, ज्याच्यावर शाईचा डाग पडतो, तो रद्दी. अशा रद्दीतून नानांनी बावीस वर्षं खोलीला पुस्तकं वाचून दाखवली होती. कुणाला शेवट कळायचा, कुणाला सुरुवात. रखमाबाई सूप घेऊन दारात बसायची, तांदूळ निवडत. ऐकते की नाही ते कळायचं नाही.

नानांची बायको पहिल्या बाळंतपणात गावीच वारली, तिच्याबरोबर मूलही गेलं. तेव्हापासून ते गावाला गेलेच नाहीत. गणपतीला खोली रिकामी व्हायची तेव्हा नाना कुलूप सांभाळायला मागे राहायचे आणि आरत्या ऐकायला जिन्यात जाऊन उभे राहायचे. बाकीच्यांना आपापली घरं होती, पत्रं होती, मनिऑर्डरी होत्या. नानांना रविवारची दुपार होती.

ती दुपार त्यांच्या हातून गेली तो जानेवारी छप्पन सालचा. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून जाहीर झालं आणि लालबाग-परळ पेटलं. गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. खोलीतली अकराच्या अकरा माणसं चार दिवस कोंडली गेली. छापखाना बंद, गिरण्या बंद. नानांच्या ट्रंकेतले फर्मे दुसऱ्या दिवशीच संपले. तेव्हा दौलत नावाच्या पोरगेल्या कामगाराने आपल्या वळकटीतून साप्ताहिकांचा एक गठ्ठा काढला आणि नानांपुढे टाकला.

"नाना, ह्यां वाचा. तळपद्यांचां आसा."

मनमोहन तळपदे हे नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं? वय वर्षं तेवीस. त्याची 'नऊ दारांची गुहा' आठवड्याला चार पानं यायची. दादरच्या वाचनालयात अंकासाठी नंबर लागायचे, गिरगावातली पोरं महागरुडाची आरोळी मारत जिने उतरायची आणि खाली उतरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या काळजाचं पाणी करायची.

नानांनी अंक उचलला, चष्मा पुसला आणि सुरू केलं.

"'थांब, अधमा! थांब! तुझी शंभर वर्षे आज भरली!' असे गरजून गगनकेतूने आपले वज्रखड्ग उपसले! त्याच क्षणी आकाशात सहस्र विजा कडाडल्या! गुहेचे पहिले द्वार थरथरले! आणि तो महागरुड...!"

नाना थांबले. पूर्णविराम नव्हता तरी थांबले.

"ह्यो गरुड न्हय," ते म्हणाले.

"मगे काय कोंबडो?" दगडूने विचारलं.

"कावळो होतो. एका डोळ्याचो. आणि ही गुहा नाय, विहीर. नऊ दारांची नाय, सात. ह्यां सगळां रिसबूड मास्तरांचां."

बळवंत रिसबूड हे कुठल्याशा शाळेत मास्तर होते. आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, 'सात दारांची विहीर'. नाना चौदाव्या वर्षी छापखान्यात लागले तेव्हा त्यांनी पहिलं जुळवलं ते तेच. पुढे त्याच्या आणखी चार आवृत्त्या निघाल्या. दर वेळी छपाई झाली की खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे आणि पुढच्या आवृत्तीला नव्याने जुळवायचे. म्हणजे ते पुस्तक नानांच्या बोटांतून पाच वेळा गेलं. मग मास्तर वारले, प्रकाशकही वारला, आणि पुस्तकाचं नाव घेणारं कुणी राहिलं नाही. नानांनी जपलेले फर्मे खोलीतल्या ट्रंकांच्या तळाशी अंथरले गेले आणि ट्रंकांबरोबरच कुजले.

पुढच्या दोन दिवसांत नानांनी तळपद्यांना सतरा जागी पकडलं. दहा ओळी वाचायच्या आणि थांबायचं. ही अप्सरा शालू विणते ना, ती मुळात गोधडी शिवणारी म्हातारी. हा गगनकेतू मुळात गगनकेतू नाहीच, तो एका कुंभाराचा मुलगा, त्याला नावसुद्धा नाही. विजा तर एकही नाही.

"एकय नाय?" दगडू हळहळला. "मगे उजेड खयसून पडता?"

"पडणाच नाय. अंधारातच जाता तो."

"मेल्या, तुझ्या मास्तराक रॉकेल परवडणा नाय होता काय?"

खोली हसली. नाना हसले नाहीत. पुढच्या दहा ओळींना ते पुन्हा थांबले तेव्हा दौलत उठून जवळ आला. दौलत नवरात्रात चाळीच्या नाटकात खलनायक व्हायचा. त्याचा आवाज खालच्या दुकानापर्यंत जायचा. त्याने नानांच्या हातातून अंक अगदी हळूच काढून घेतला.

"नाना, तुमचो घसो बसलो आसा. मी वाचतंय जरा. तुमी पडा."

आणि दौलतने वाचलं. गरुड झाला, गगनकेतू झाला, अप्सरा झाला. अप्सरेला लाजायला लावलं. विजा कडाडल्या तेव्हा त्याने भिंतीवरची परात खाली ओढली. कर्फ्यूतल्या पोलिसाने खालून शिट्टी मारली, "ए, काय चाललंय वर?" आणि दहाजण तोंडात उपरण्याचे बोळे कोंबून हसले.

अकरावे वळकटीवर पडून होते.

कर्फ्यू उठला तरी रविवार दौलतकडेच राहिला. नाना सवयीने फर्मे आणत. कधी भाजीपाल्याच्या लागवडीवरचे, कधी कुणा संताच्या चरित्राचे. मागतील तेव्हा काढू म्हणून ट्रंकेवर ठेवत. कुणी मागत नसे. मग रविवारी जेवण झालं की नाना चपला घालू लागले. घोडपदेवापर्यंत चालत जायचं, देवळाच्या कट्ट्यावर बसायचं. तिथून भायखळ्याचं भाजी मार्केट, तिथे दुपारचे भाजीवाले टोपल्यांना टेकून घोरत असायचे, त्यांच्यामधून हळू चालायचं. आणि वाचन संपलं असेल अशा बेताने परत यायचं. बेत दर वेळी चुकायचा. ते दारात यायचे आणि आत गगनकेतूची चर्चा रंगात आलेली असायची.

"ये लवू, बस. आज काय झाला म्हायत आसा? सहाव्या दाराक साप."

"मुंगूस होता," नाना म्हणायचे. कुठल्या दाराला काय, ते सगळं त्यांना ठाऊक होतं.

मग मंडळी अंकाची घडी घालून उठायची. एकदा ते जिना चढत असताना दगडूचा आवाज त्यांना ऐकू आला, "येतलो आता आमचो कावळो." त्यावर दुसरं कुणीतरी म्हणालं, "त्येका दुसऱ्याचां बरां बघवणा नाय." दगडूच्या टोमण्याचं नानांना काही वाटलं नाही. दुसऱ्या वाक्याचं वाटलं. खरंच तसं आहे का, हा विचार ते पुढचे तीन रविवार कट्ट्यावर करत बसले. तळपदे म्हणजे कालचा पोरगा. त्याच्यावर एवढा राग का? त्याने आपलं काय घेतलं? उत्तर खोलीतच होतं, भिंतीला टेकून बसलेलं. पण ते असं उत्तर होतं की स्वतःलाही सांगायची लाज वाटावी.

त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर 'नऊ दारांची गुहा' पुस्तकरूपाने निघायचं ठरलं आणि काम आलं ते नानांच्याच छापखान्यात. मालक अप्पा कर्णिक. त्यांनी हस्तलिखित नानांच्या पुढ्यात आदळलं.

"लवू, दिवाळीच्या आत हवंय. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. समितीची पत्रकं मध्ये आली तर तेवढी आधी."

संयुक्त महाराष्ट्र समितीची पत्रकं मध्ये यायचीच. रोज कुठे ना कुठे सभा. 'महाराष्ट्र' हा शब्द इतक्यांदा लागायचा की 'ष्ट्र'चा खण आठवडा-आठवडा रिकामा असायचा. उद्गारचिन्हांचा खण मात्र तळपद्यांनी एकट्याने रिकामा केला. नाना एका हातात ओळी जुळवायची पट्टी धरून दुसऱ्या हाताने खिळे वेचत. डोळे कागदावर, हात खणांवर. ओळ वाचायची आणि हाताला सोडून द्यायची. हाताला वाट पाठ असते.

एका दुपारी रस्त्यावरून मोर्चा चालला होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" खिडक्यांची तावदानं थरथरत होती. नाना मान वळवून खाली बघत राहिले. कुणी ओळखीचं दिसतं का ते. दगडू असेल, दौलत असेल. दिसलं नाही कुणी. मोर्चा ठाकूरद्वारच्या दिशेने गेला, आवाज लांब गेला, आणि नानांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं तेव्हा पट्टी भरलेली होती. हात थांबलाच नव्हता.

संध्याकाळी प्रूफ काढलं तेव्हा कळलं. गगनकेतू चौथ्या दाराशी येतो तिथे सात ओळी अशा पडल्या होत्या, ज्या हस्तलिखितात नव्हत्याच.

'विहिरीत उतरताना त्याने मागे पाहिले नाही, कारण मागे त्याचे असे कोणी उभे नव्हते. पायऱ्या संपल्या. तो पाण्याला हात लावून बसला. इतक्या खोल येऊनही त्याला कोणी विचारले नाही की तू कोण, कोठला. पाणी मात्र ओळखीचे निघाले.'

बेचाळीस वर्षांत नानांच्या हातून असं घडलं नव्हतं. दुसऱ्याचा मजकूर! त्यांनी चिमटा उचलला, त्या ओळी उपटायला. मग चिमटा खाली ठेवला. गुहेत विहीर पडलेली लेखकाला दिसते की नाही, बघू तर खरं.

दुसऱ्या दिवशी मनमोहन तळपदे प्रुफं तपासायला आला. पांढरा बुशशर्ट, सोनेरी टोपणाचं पेन, आणि चेहरा असा की पाणी विचारावंसं वाटावं. स्टुलावर बसला, आणि नानांना उठून नमस्कार केला.

"काका, तुम्ही जुळवता होय माझं? फार त्रास देतो ना मी? माझी अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय."

नानांनी मानेनेच नाही म्हटलं. मुलाचं पेन सरकत होतं. तिसरं दार. चौथं. त्या सात ओळींवर ते थांबलं.

"वा," मुलगा स्वतःशीच म्हणाला. शेवटच्या पूर्णविरामावर काट मारली आणि तिथे उद्गारचिन्ह काढलं. पाणी मात्र ओळखीचे निघाले! मग पान उलटलं.

"साहेब," नानांच्या तोंडून गेलं, "हे तुमचंच का?"

"माझंच की." तो हसला. "का हो? मला आठवत नाही कधी लिहिलं ते, पण माझं असंच होतं, काका. रात्री लिहितो, सकाळी वाचलं की वाटतं, हे कुणी लिहिलं? आमची यशोदाआत्या आहे ना, ती लहानपणी पुस्तकातून गोष्टी वाचून दाखवायची. ते कुठेतरी आत बसलेलं असतं बहुतेक."

"कसलं पुस्तक? विहिरीचं?"

"विहीर?" मुलगा खरोखरच आठवू लागला. "असेल. एक कावळा होता एवढं आठवतं. मी फार घाबरायचो त्याला."

नाना बघत राहिले. जानेवारीपासून सांभाळलेला राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. समोर चोर असता तर बरं झालं असतं. हा तर ऐकणारा निघाला, आत्याच्या मांडीशी बसून घाबरणारा.

तरी नानांनी ते उद्गारचिन्ह घातलं नाही. खण रिकामा होता, असं सांगता आलं असतं. कुणी विचारलंच नाही.

पुस्तक दिवाळीत निघालं. त्या रविवारी नानांनी चपला घातल्या नाहीत. छापखान्यातून आणलेला नव्या पुस्तकाच्या फर्म्यांचा सबंध गठ्ठा त्यांनी दौलतपुढे ठेवला.

"नवां छापलेलां. वाच."

खोलीत आनंदाची लाट आली. "बघ, लवू सुधारलो!" दगडू ओरडला, आणि त्यांच्यासाठी भिंतीशी जागा झाली. नाना बसले. त्यांचा बेत साधा होता. त्या सात ओळी आल्या की उठायचं आणि म्हणायचं, ह्या मी घातल्या, ह्या मास्तरांच्या आहेत, तुमच्या तळपद्याला आपलं काय आणि परकं काय तेही ओळखता येत नाही. मग बघू रविवार कुणाचा ते.

दौलतने तीन दारं दणाणून सोडली. चौथ्या दाराशी आला, छाती फुगवली, "विहिरीत उतरताना..." आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला. कडाडायला तिथे काही नव्हतंच. तो सावकाश वाचत गेला. "मागे त्याचे असे कोणी उभे नव्हते." रखमाबाईचा हात सुपात थांबला. बाई दौलतकडे बघत होती. पाणी ओळखीचं निघालं. दगडूने नाक ओढलं.

"मेल्यान काय लिवल्यान हां," तो म्हणाला. "माका आमच्या घाटाची बाव आठवली."

नाना उठले.

"ह्यां त्येचां नाय. ह्यां रिसबूडांचां. माझ्या हातान चुकून पडलां, आणि त्येका कळलांय नाय."

"गेलो परत कावळो," कुणीतरी कण्हलं. पण दगडू कण्हला नाही. तो पुढे सरकला.

"रिसबूडांचां? मगे फुडलां सांग. पाण्याक हात लावल्यान, मगे काय झालां?"

सगळ्यांनी मान वर केली. दहा महिन्यांत पहिल्यांदा ती खोली नानांकडे तोंड करून बसली होती.

नानांनी तोंड उघडलं. "मगे... पाणी म्हणालां..." काय म्हणालं? त्यांना ठाऊक होतं. पाच वेळा जुळवलं होतं. पण ते होतं बोटांत, खणांच्या वाटेवर. तोंडाकडे त्याची वाटच नव्हती. त्यांचा उजवा हात हवेत हलू लागला, इथला खिळा, तिथला खिळा. मंडळी त्या हाताकडे बघत राहिली. "पाणी म्हणालां, तू..." नाना थांबले, आणि ह्या वेळी पूर्णविराम खरोखरच ऐकू आला.

"आमका कधी वाचून दाखवलंस नाय ता," दगडू अगदी मऊ आवाजात म्हणाला. "दाखवलं असतंस तर लक्षात ऱ्हवलां असतां."

"दाखवलां होतां," नाना म्हणाले. "चाळीस साली. अख्खां. ह्याच जाग्यावर बसान. तू निजलेलंस."

नानांनी दाराकडे पाहिलं. रखमाबाईने मान खाली घातली होती. तीही तेव्हा इथेच होती, सूप घेऊन. तिचा हात तेव्हा थांबला नव्हता. नानांना ते आठवलं, कारण वाचताना तांदळाची सळसळ ऐकू यायची आणि त्यांना ती सोबतीसारखी वाटायची.

म्हणजे मास्तरांना ह्या खोलीत पहिल्यांदा पुरलं ते तळपद्याने नव्हे.

"नाना," दौलतने विचारलं, "फुडे वाचू?"

"वाच," नाना म्हणाले, आणि खाली बसले.

सोमवारपासून दुपारच्या सुट्टीत नाना डबा न उघडता खणांपुढे उभे राहू लागले. समोर कागद नाही, डोळे मिटलेले. हात आपल्या वाटेने निघायचा आणि मागून नाना. दोन पानं जुळली की एकच प्रत काढायची आणि खिळे सोडवून टाकायचे. अप्पा कर्णिकांनी एकदा बघितलं, "कुणाचं काम रे?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेले. पहिल्या पानावर नानांनी मोठ्या टायपात लेखकाचं नाव जुळवलं होतं, कुणाचा गोंधळ व्हायला नको म्हणून.

रविवारी त्यांनी ती पानं दौलतला दिली. दौलतने ती आधी मनात वाचून घेतली, परात खाली काढली नाही, आणि सुरुवात केली. सळसळ थांबली. नाना ट्रंकेच्या कडेला बसून ऐकत होते. आपण जुळवलेलं वाक्य दुसऱ्याच्या गळ्यातून येताना त्यात कुठे श्वास घ्यायचा ते त्यांना बावीस वर्षांनी कळत होतं.

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी वाचन संपल्यावर दगडूने बिडी पेटवली आणि तो नानांच्या शेजारी सरकला.

"लवू, एक इचारू? ह्यो रिसबूड म्हणजे आमचो तळपदेच नाय रे? टोपणनाव घेतलेलो?"

"खयसून काढलंस?"

"वळाखलां मी. तोच कावळो, तीच म्हातारी. मेल्यान नाव बदलल्यान, गरुडाचो कावळो केल्यान, आणि लिवक शिकलो बघ. तू उगाच त्येचो राग करी होतंस."

नानांनी तोंड उघडलं. दौलत पानांची घडी करत होता. रखमाबाई दारातून उठली नव्हती. सूप मांडीवर, आणि नजर त्या घडीवर.

"पुढच्या रविवाराक पाचवां दार," नाना तिला म्हणाले, आणि बिडीच्या धुरातून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.